कपाळावरची नोट

सॅक्सोफोन खरं तर मुलीसाठी घेतला होता. इथे न्यूयॉर्कजवळच्या एडिसनमध्ये शाळेत प्रत्येक पोर काही ना काही वाजवतं, तसं तिनेही थोडे दिवस वाजवलं आणि एक दिवस जाहीर केलं, "मॉम, आय अ‍ॅम डन." झालं. एवढं मोठं पितळेचं धूड कपाटात जाऊन पडलं. दर वेळी व्हॅक्यूम काढताना ते पायात यायचं आणि माझा जीव तुटायचा. शेवटी मीच ठरवलं, आपण शिकायचं. नवरा म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "का? दात आहेत ना अजून तोंडात?"

सॅक्सोफोनच्या बाबतीत खरा प्रश्न हाच असतो, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं!

ही हौस माझ्यात आली कुठून, ते आधी सांगते. माझे बाबा नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, आणि वर मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. वरातीत नाचणारे पाव्हणे नोट दातात धरायचे. बाबांनी वाजवता वाजवता गुडघ्यावर यायचं, मान वाकडी करायची आणि ती नोट आपल्या तोंडाने ओढून घ्यायची. लोक हसून हसून लोळायचे. कुणी जास्तच खुशीत आला की नोट नवरदेवावरून ओवाळून बाबांच्या कोटात खुपसायचा. जेवायला मात्र मांडवाच्या मागे, सगळे उठल्यावर. जयंतीच्या मिरवणुकीत बाबा पांढरा सदरा घालून वाजवायचे आणि त्या दिवशी कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. मला म्हणायचे, "तू शिक बाई. आपल्या घरातला हा शेवटचा बँड." मी शिकले. आता लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची नोकरी करते. बाबा गेले तेव्हा क्लॅरिनेट बँडच्या मालकाचं निघालं. तो येऊन घेऊन गेला.

तर ओक ट्री रोडवर एका मिठाईच्या दुकानाच्या वर शिकवणीची खोली होती. खालून जिलबी तळल्याचा वास, भिंतीला टेकून ठेवलेल्या लोखंडी खुर्च्या, आणि त्यात एक उंच, पाठीत वाकलेले, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. ग्रीसचे. तिथल्या उत्तरेच्या डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातले. मला बघून त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं. "मूल कुठे आहे?" मी म्हटलं, "मूल नाही. मीच."

"देवाचे आभार," ते म्हणाले. "कॉलेजच्या अर्जात टाकायला वाद्य लागतं म्हणून येणारी मुलं शिकवून शिकवून माझे कान सडले."

मला माणूस तिथल्या तिथे आवडला. तोंडाने फटकळ, पण खोटं एक अक्षर नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी माझं कौतुक केलं ते असं, "आज तू गाढवासारखं नाही, म्हशीसारखं वाजवलंस. प्रगती आहे."

मी त्यांना मास्तर म्हणायला लागले. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे लग्नाच्या बँडच्या म्होरक्याला मास्तर म्हणतात. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, अपमान झाला की काय यांचा. मग मी घाईघाईने बाबांचं सगळं सांगून टाकलं, दातातल्या नोटेसकट. त्यांनी हातातलं वाद्य खाली ठेवलं. मग म्हणाले, "माझा बापही तेच करायचा. तेच वाद्य. तीच लग्नं."

त्यांच्या गावाकडे नोट दातात धरत नाहीत, वाजवणाऱ्याच्या कपाळाला चिकटवतात. जिभेने ओली करायची आणि घामेजलेल्या कपाळावर थापायची. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, तो काढणार कशी? रात्रभर एकावर एक. एकदा एक नोट सरकून डोळ्यावर आली आणि बाप एका डोळ्याने वाजवत राहिला. हे त्यांनी लहानपणी समोर बसून पाहिलं. सकाळी घरी आल्यावर बाप अंगणातल्या पाण्याने कपाळ घासघासून धुवायचा आणि मग, कुणी ऐकायला नसताना, क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर धरायचा. एकच सूर. दम संपेपर्यंत.

"तो सूर बापाचा स्वतःचा," मास्तर म्हणाले. "बाकी सगळं लग्नवाल्यांचं."

मग त्यांनी घर सोडलं ते याच रागात. क्लॅरिनेट हातात धरायचंच नाही, लग्नात वाजवायचंच नाही. अथेन्सच्या हॉटेलात, मग जहाजावर, मग न्यूयॉर्कला. जॅझ का, तर लोक खुर्चीवर बसून ऐकतात म्हणे. इथे येऊन कळलं, बसतात, पण ऐकत नाहीत. वाइन पितात, गप्पा मारतात, आणि मास्तर त्यांच्या गप्पांच्या मागे वाजत असतात. जन्मभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये मागच्या खुर्चीवर. स्वतःच्या नावाची एक रेकॉर्ड नाही. मग एका कॉलेजात शिकवलं, दर सेमिस्टरला पुन्हा बोलावतील की नाही याची वाट बघत. शेवटी बोलावलं नाही. एक निरोपाचा ईमेलसुद्धा नाही मेल्यांचा! न्यूयॉर्कचे ग्रीक लोक लग्नाला बोलवायचे, भरपूर द्यायला तयार असायचे. हे जायचे नाहीत. बायको त्याच भांडणात सोडून गेली असं ते म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "तिचं बरोबर होतं. पण मीही बरोबर होतो."

ते स्वतः काही लिहीत होते, वर्षानुवर्षं. एकट्या सॅक्सोफोनसाठी, बापावर. गावच्या नाचाच्या सात मात्रा घेऊन सुरू होणारं, वाढत वाढत पार वरात अंगावर आल्यासारखं होणारं, मग सगळं झडत जाणारं, आणि शेवटी एकच खालचा सूर. दम संपेपर्यंत. एवढ्या एका सुरासाठी अख्खी रचना होती.

सॅक्सोफोनवर तो सगळ्यात खालचा सूर फार मानी. बाकीचे सूर बाजूच्या भोकांतूनच बाहेर पडतात. खालच्या सुराला मात्र सगळी भोकं बंद करावी लागतात आणि हवा अख्ख्या नळीतून फिरून पुढच्या वर वळलेल्या पसरट तोंडातून येते. बाबा त्याला भोंगा म्हणायचे, मीही भोंगाच म्हणते. मास्तरांनी एकदा माझ्या भोंग्यात आपला रुमाल टाकून दाखवला. वरचे सूर सगळे साफ, कुणाला कळणारसुद्धा नाही. खालचा सूर आला आणि मेला. "बघ," ते म्हणाले, "इथे एक कागदाचा कपटासुद्धा चालत नाही."

तिसऱ्या वर्षी त्यांचे पुढचे दात हलायला लागले. वरचे दात माउथपीसवर टेकवूनच वाजवावं लागतं, त्यांच्या जोरावरच सगळं. डेंटिस्टने सांगितलं, हिरड्या गेल्यात, उन्हाळ्याच्या आत काढावे लागतील. कवळी लावूनही काही जण वाजवतात. मास्तर म्हणाले, "वाजवतात. पण तो सूर राहत नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "एकदा वाजवायचं आहे मला. माझं स्वतःचं. माणसं बसलेली पाहिजेत, तोंडं बंद पाहिजेत, आणि रेकॉर्ड झालं पाहिजे. मग घ्या म्हणावं दात."

क्लबवाल्यांना नाव लागतं. लायब्ररीचे कार्यक्रम वर्षभर आधी ठरलेले. कॉलेजने फोन उचलला नाही. शेवटी मी मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला.

मंडळात मी फारशी जात नाही. तिथे गेलं की कुणीतरी गोड आवाजात विचारतंच, "नागपूरचे म्हणजे नेमके कुठले तुम्ही?" आणि मग आडनावावरून हिशेब मांडत बसतात. पण अध्यक्ष काका तसे नव्हेत, हे कबूल केलं पाहिजे. पुण्याचे, रिटायर्ड, आवाज ढोलासारखा, आणि कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरून वरण-भात यायचा. पाडव्याच्या कार्यक्रमाला शाळेचं सभागृह घेतलेलं होतं. मी म्हटलं, "काका, मला त्यातला अर्धा तास द्या. पण माझ्या अटी आहेत."

"बोल की!"

"जेवण नंतर. आधी चहासुद्धा नाही. दिवे मंद. पोरं इकडेतिकडे पळणार नाहीत. फोन बंद. आणि कुणी मध्येच नाचायला उठणार नाही."

"अगं, तू टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना!"

आणि काय सांगू, काकांनी एकूण एक अट पाळली. केटरर वेळेआधी येऊन बसला होता, त्याला पार्किंगमध्येच थांबवून ठेवला. रडणारी पोरं स्वतः उचलून बाहेर नेली. माइकवरून सांगितलं, "आज आपल्याकडे फार मोठे कलाकार आले आहेत. श्वास घ्यायचा तोसुद्धा हळू." लोक हसले आणि खरंच गप्प झाले. मास्तर काळा कोट घालून आले होते, बाहीला इस्त्रीची घडी. सभागृहाच्या साउंडवाल्याकडून मी दोन माइक लावून घेतले होते, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

मला संगीतातलं फार कळतं असं नाही. पण बाबांच्या बँडमागून अनवाणी चालत मोठी झालेली मी, वरात कधी रंगात येते ते मला पायांना कळतं. त्या सात मात्रा माझ्या पोटरीत वाजायला लागल्या. वाढत गेलं, वाढत गेलं, आणि शेवटी माझ्या डोळ्यांपुढे बाबाच उभे राहिले, लाल कोटातले. मागे वळून पाहिलं तर कुणाचा फोन पेटलेला नाही, माणसं पुढे वाकून ऐकतायत. मी मनात म्हटलं, मिळालं. या माणसाला जन्मात एकदा मिळालं!

आणि तेवढ्यात अध्यक्ष काका उठले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी स्वतः पाहिलं म्हणून सांगते. माणूस आतून हलला होता. ते स्टेजच्या पायऱ्या चढले, खिशातून पाकीट काढलं, त्यातून वीस डॉलरची नोट काढली आणि मास्तरांच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली. अगदी दृष्ट काढावी तशी, मायेने. मग द्यायची कुठे? मास्तरांचे हात गुंतलेले, डोळे मिटलेले. काकांनी नोटेची घडी केली आणि हळूच भोंग्यात सोडली.

सभागृहात शिट्ट्या झाल्या, टाळ्या पडल्या. सगळे फोन एकदम वर आले.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. जॅझमध्ये मध्येच टाळी पडते, रंगलेल्या जागेला दाद म्हणून. त्यांना वाटलं ती तीच टाळी. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो चेहरा मोकळा झाला होता. आणि ते आणखी सुंदर वाजवायला लागले. काही बिघडलेलं नव्हतं, वरचे सूर सगळे साफ. त्या भरल्या सभागृहात फक्त मला माहीत होतं की शेवटी कुठला सूर येणार आहे आणि ती नोट त्याचं काय करणार आहे. उठून स्टेजवर जाऊ? भोंग्यात हात घालू? मग रेकॉर्डिंग गेलं, रचना गेली. न जावं तरी गेलीच. मी खुर्चीचे हात धरून बसले होते, नखं रुतवून. वरात झडत गेली. एकेक सूर खाली उतरत आला. मी मनातल्या मनात म्हणत होते, नका, मास्तर, इथेच थांबा, इथेच थांबा ना.

ते थांबले नाहीत. सगळी भोकं बंद केली आणि खालचा सूर धरला.

फर्रर्र. पतंगाचा कागद फाटतो तसा आवाज. त्यांचे डोळे उघडले. पण त्यांनी सूर सोडला नाही. फरफरत, घरघरत, दम संपेपर्यंत धरला. मग वाद्य तोंडातून काढलं, भोंग्यात हात घातला आणि ती नोट बाहेर काढली. उलगडली. बघितली.

काका माइकवर आनंदाने ओरडले, इंग्रजीत, "सर, आमच्याकडे ही सगळ्यात मोठी दाद असते!"

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "आमच्याकडेही."

आणि त्यांनी ती नोट जिभेने ओली केली, कपाळावर थापली, आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

सभागृह हसण्याने फुटलं. काय स्पोर्टिंग माणूस आहे! सगळे उभे राहिले. त्या माणसाच्या आयुष्यात लोक पहिल्यांदा त्याच्यासाठी उभे राहिले, ते असे. नोट चिकटून राहिली होती, घाम होता ना. मास्तर मला शोधत होते, आणि सापडल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं कुणी माझ्याकडे पुन्हा बघू नये.

माझं डोकं फिरलं होतं. पण राग काढू कुणावर? काकांवर? त्यांनी जेवणाच्या ताटात मास्तरांना स्वतःच्या हाताने दोन पुरणपोळ्या वाढल्या, वर तुपाची धार. मास्तरांनी दात दुखतात म्हणून खाल्ल्या नाहीत. "सॉफ्ट आहेत हो!" काका म्हणाले. प्रेमाने केलेल्या गोष्टीला शिव्या तरी कशा घालायच्या? माणूस वाईट असता तर मी त्याला तिथेच फाडून खाल्ला असता.

तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर फिरला. सबंध रचनेतले शेवटचे काही सेकंद, नोट आणि नमस्कार. खाली हसरे चेहरे, बदाम, 'क्या बात है यार'. माझी मुलगी शाळेतून येऊन म्हणाली, "मॉम, युअर टीचर इज हिलॅरियस." मी तिला इतक्या जोरात ओरडले की ती रडायलाच लागली.

पुढे मास्तरांचे दात काढले. आणि त्याच सुमारास काकांचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलंय, हॉटेलच्या लॉनवर वरात, घोडासुद्धा आणणार. "अगं, तुझे मास्तर पाहिजेतच बरं का वरातीत!"

"त्यांचे दात गेले, काका. आता नाही वाजवत ते."

"अरेरे," काका हळहळले. खरंच हळहळले. मग लगेच म्हणाले, "मग तूच ये ना! शिकलीस ना त्यांच्याकडे? घरचंच कार्य आहे."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "काका, माझे बाबा आयुष्यभर लोकांच्या वराती वाजवत मेले. बँडवाले होते ते. मांडवामागे जेवायचे. समजलं?"

मग काकांचा आवाज आला, खूश झालेला. "अगं मग आधी सांगायचंस की! मग तर हे तुझ्या रक्तातच आहे!"

मी फोन कट केला. अजून त्यांना वाटतं, लाइन गेली.

मास्तरांनी कवळी बसवल्यावर वाजवून पाहिलं होतं. मधले सूर येत होते, खालचा येत नव्हता. नुसती हवा. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "रेकॉर्डिंगमधला शेवटचा सूर कापून त्या जागी तुझा लावता येईल का?" हल्ली कॉम्प्युटरवर सगळं जोडता येतं. मी म्हटलं, येईल. मी घरी बसून बसून तो एकच सूर घोटला. सबंध घर वैतागलं. मग त्यांच्या खोलीत माइक लावून वाजवला, दम संपेपर्यंत. मास्तरांनी दोन्ही ऐकले. माझा जोडून, मग त्यांचा, मग परत माझा. खाली दुकानात कुणीतरी पेढ्यांच्या भावावरून भांडत होतं.

"तुझा स्वच्छ आहे," ते म्हणाले. कवळीमुळे शब्द जरा घसरत होते. "चांगला आहे. पण तो तुझ्या बापाचा आहे. माझ्या नाही." मग त्यांनी माझा काढून टाकला आणि आपला ठेवला, फरफरणारा. "राहू दे. माझ्या बापाला ऐकवायला हाच बरा. म्हणेल, एवढा समुद्र ओलांडून गेला, आणि शेवटी लग्नातच वाजवून आला."

बोलता बोलता त्यांनी तळहात कपाळावरून फिरवला, दोनदा, घासून. तिथे काहीच नव्हतं. मी खालमानेने वाद्य पुसत बसले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते, आणि त्यांना रडणारी माणसं चालत नाहीत.

आता मी शिकवणीला जाते ते त्यांच्यासोबत चहा प्यायला. सॅक्सोफोन घरीच वाजवते, दार लावून. आणि दर वेळी वाजवण्याआधी भोंग्यात हात घालून बघते.